पत्रांतले खडे आणि एक टाचणी

बारामतीतल्या एका साप्ताहिकात मी नव्वदीच्या मध्यावर उपसंपादक होते. अंक आठ पानांचा, दर शुक्रवारी निघे. पहिल्या पानावरची बातमी लोकांनी बुधवारीच एसटी स्टँडवर ऐकलेली असे. अग्रलेख संपादक आणि मी वाचत असू. लोक मनापासून वाचत ते पान सहावे. त्यावर वाचकांची पत्रे असत.

पत्रे आठवड्याला पन्नास-साठ येत आणि जागा दहा-बारांची असे. ज्याचे पत्र राहून जाई तो कार्यालयात येई, पंख्याखालच्या खुर्चीवर बसे आणि आपले पत्र का छापले नाही ते संपादकांना विचारी. एका सोमवारी असे सात जण आले. त्यांतले दोघे जेवायच्या वेळेलाही उठले नाहीत. त्या संध्याकाळी संपादकांनी ठरवले की यापुढे पत्रे वाचकांनीच निवडायची.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून सहा वाचक नेमले गेले. त्यांना परीक्षक म्हणायचे ठरले. मानधन नव्हते. प्रत्येक पत्राच्या तीन झेरॉक्स निघत आणि तीन परीक्षकांकडे जात. झेरॉक्सला एक चिठ्ठी टाचणीने लावलेली असे. चिठ्ठीच्या वरच्या अर्ध्या भागात तीन चौकोन होते: छापा, नको, शंका. परीक्षकाने एकात खूण करायची. खालच्या अर्ध्या भागात 'शेरा' एवढा शब्द आणि चार रेघा. तिघांपैकी दोघांनी 'छापा' म्हटले की पत्र छापायचे.

लिफाफे एसटीने जात. शनिवारी सकाळी मी ते स्टँडवर इंदापूर गाडीच्या कंडक्टरकडे देई. तो भवानीनगरचा लिफाफा तिथल्या सायकलच्या दुकानात टाके, इंदापूरकडचे लिफाफे तिथल्या स्टँडच्या कँटीनमध्ये ठेवी. मंगळवारी ते उलट्या वाटेने परत येत. एकही लिफाफा कधी हरवला नाही.

मोबदला एकच होता. सहाव्या पानाच्या तळाशी चौकट असे: 'या अंकातील पत्रे यांनी तपासली.' खाली सहा नावे. या चौकटीचे काय होईल याचा अंदाज आम्हाला नव्हता. जळोचीच्या एका किराणा दुकानदाराने दुकानाच्या पाटीवर स्वतःच्या नावाखाली 'पत्र परीक्षक' असे रंगवून घेतले. दुसऱ्या एकाने मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्यात ही गोष्ट पुढे केली, आणि सोयरीक जमली.

इंदापूरजवळच्या एका गावचे बागायतदार या सहांत होते. ते बारा वर्षे गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. चेअरमनकी जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण सगळे त्यांना चेअरमन आबाच म्हणत. आबांचा लिफाफा सर्वांत आधी परत येई. प्रत्येक चिठ्ठीवर 'छापा'ची खूण आणि शेऱ्याच्या जागी एकच मजकूर असे: 'विषय वाचला असे समजून सर्वानुमते मंजूर.' त्याखाली सूचक म्हणून त्यांची सही आणि अनुमोदक म्हणून त्यांच्या धाकट्या भावाची.

ज्याने सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्याला हे लगेच कळेल. सेक्रेटरी उभा राहतो आणि म्हणतो, विषय क्रमांक चार, वाचला असे समजावे. मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' येते. विषय क्रमांक पाच. चहा उकळत आलेला असतो. या भागात माणूस मतदान करायला शिकतो त्याच्या आधी मंजूर म्हणायला शिकतो, आणि आमचे सहापैकी पाच परीक्षक कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सभासद होते. सहावे भवानीनगरचे गुरुजी. त्यांच्याकडे नंतर येते.

पहिले वर्ष बरे गेले. मग रस्त्यावरच्या खड्ड्यांचे पत्र आले.

पत्र दोन पानांचे होते. पहिल्या पानावर खड्ड्यांची लांबी-रुंदी आणि एका टेम्पोचे नुकसान. लिहिणाऱ्याच्या घरी लग्न होते. त्याने दुसरे पान म्हणून चुकून निमंत्रणाचा कच्चा मसुदा लिफाफ्यात घातला. तिन्ही परीक्षकांनी 'छापा' म्हटले. कंपोज करणाऱ्याने जसे आले तसे लावले. प्रूफ मी पाहिले होते, म्हणजे पहिले पान पाहिले होते. शुक्रवारी अंकात छापून आले की संबंधितांनी या खड्ड्यांकडे तातडीने लक्ष द्यावे, आणि त्याच परिच्छेदात, रविवारी दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस आशीर्वाद द्यावेत.

लोक गेले. छापील निमंत्रण आहे, तेही पेपरात, तर न जाणे बरे दिसले नसते. आचाऱ्याने तीन वेळा भात लावला. चेअरमन आबा पहिल्या पंगतीला होते. मागाहून मी त्यांना विचारले की त्यांनी परीक्षक म्हणून ते पत्र वाचले होते का. ते म्हणाले की वाचले नसते तर लग्नाला कसे गेलो असतो. त्यांना पंगतीत शेजारच्याने सांगितले होते, हे मला दुसऱ्याकडून समजले.

संपादकांनी सोमवारी मला समोर बसवले. ही माणसे पत्रे वाचतात की नाही, हे कळायचे कसे, असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटले, खडे टाकून. घरात तांदूळ निवडायला दिले आणि निवडणाऱ्याचे लक्ष आहे का ते पाहायचे असले, तर त्यात मोजून चार खडे टाकायचे आणि किती परत येतात ते बघायचे. आपण दर आठवड्याला एक बनावट पत्र सोडावे. ज्याने 'नको' किंवा 'शंका' म्हटले त्याने वाचले. संपादकांना कल्पना आवडली. ती माझी असल्यामुळे मला जास्त आवडली.

पहिला खडा मी स्वतः लिहिला. सातमोटेवाडी नावाचे गाव मी तयार केले आणि ते बारामती-इंदापूर रस्त्यापासून अडीच किलोमीटर आत ठेवले. पत्रात तक्रार अशी, की सातमोटेवाडीच्या फाट्यावर गावाच्या नावाचा फलक नसल्याने पाहुणे चुकतात आणि पुढच्या गावात जाऊन जेवतात. या वेळी झेरॉक्स सहाही जणांना पाठवली. असे गाव दोन्ही तालुक्यांत नाही हे सहाजणांनाही माहीत होते. निदान माहीत असायला हवे होते.

पाच चिठ्ठ्यांवर 'छापा' आले. जळोचीच्या दुकानदाराने शेरा लिहिला होता: 'मागणी रास्त.' आबांच्या चिठ्ठीवर नेहमीच्या मजकुराखाली एक ओळ जादा होती: 'सदर गावास समक्ष भेट दिली आहे.' फक्त गुरुजींनी 'शंका'वर खूण केली होती.

संपादकांनी सहाही जणांना कार्यालयात बोलावले. गुरुजींना त्या दिवशी ताप होता, ते आले नाहीत. बाकीच्यांना सांगितले गेले की सातमोटेवाडी नाही. दुकानदार खाली बघत राहिले. आबा खुर्चीत मागे टेकले.

"आवो बाई, आमी काय कमी गावं हिंडलोय व्हय? गेलो आसंन कवातरी. फलक न्हाय म्हनूनच तर नाव ध्यानात ऱ्हायलं न्हाय."

यावर सगळे हसले आणि संपादकही हसले, म्हणून मी त्याच बैठकीत नियम वाचून दाखवला; गुरुजींना तो नंतर लिफाफ्यातून कळवला. यापुढे पत्रांत मधूनमधून खडा असेल आणि तो सहाही जणांना जाईल. तीन खडे सुटले की चौकटीतून नाव जाईल. आबा म्हणाले, मंजूर.

पुढचे दोन महिने परीक्षकांनी पत्रे इतकी काळजीपूर्वक वाचली की सहावे पान भरेना. त्यांना सगळीकडे खडे दिसू लागले. एका गावातून एका बाईंचे पत्र आले. नवा हातपंप भिंतीला इतका खेटून बसवला आहे की दांडा खाली-वर करता येत नाही, म्हणून आम्ही भिंतीला भोक पाडून दांडा पलीकडे काढला आहे. आता पाणी अलीकडे येते आणि पंप पलीकडून मारावा लागतो. तिन्ही परीक्षकांनी 'नको' म्हटले. आबांनी लिहिले: 'असा पंप असू शकत नाही. खडा ओळखला आहे.' बाईंनी पुन्हा पत्र पाठवले, ते पुन्हा नाकारले गेले. तिसऱ्या वेळी त्या स्वतः आल्या, पंख्याखालच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या की चला दाखवते. मी गेले. भिंत गावच्या तालमीची होती. आत दोन पैलवान आळीपाळीने दांडा मारत होते आणि बाहेर बायका कळशा भरत होत्या. मी पाहिल्याचे लिहून दिल्यावर पत्र छापले. आबांचे म्हणणे असे पडले की खरे जर असे असेल तर खोटे ओळखायचे कसे.

तरीही खड्यांची पद्धत मी सोडली नाही. मी एक रजिस्टर केले होते. परत आलेली प्रत्येक चिठ्ठी मी मधोमध कापत असे. वरचा अर्धा भाग, जिथे चौकोन होते, तो रजिस्टरात त्या परीक्षकाच्या नावाखाली चिकटवायचा. खड्याच्या चिठ्ठीवर 'छापा' दिसले की समोर लाल फुली. खालचा अर्धा भाग आणि झेरॉक्स बाजूला ठेवायचे. काम नीटनेटके होते आणि आठवड्याला एका दुपारीत उरके.

हिवाळ्यात गुरुजींच्या नावासमोर पहिली फुली पडली. पंधरा दिवसांनी दुसरी. मग तिसरी.

गुरुजी नुकतेच सेवानिवृत्त झाले होते. इंदापूर तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत त्यांनी पस्तीसेक वर्षे शिकवले. मुलगा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता, त्याच्याकडे भवानीनगरला ते राहत. सातमोटेवाडी ओळखणारे ते एकटे. त्यांचे नाव काढायचे म्हटल्यावर संपादकांनी रजिस्टर मागून घेतले, तिन्ही फुल्या पाहिल्या आणि म्हणाले की नियम केला आहे तर तो पाळावा लागेल, नाहीतर आबा विचारतील. पण गुरुजींना हे पोस्टकार्डाने कळवायचे नाही. तू जा.

मी बुधवारी दुपारच्या गाडीने गेले. निघण्यापूर्वी सहाव्या पानाची मांडणी झाली होती. चौकटीत पाच नावे होती. पान पाच वाजता छपाईला जायचे होते.

दार गुरुजींच्या सुनेने उघडले. गुरुजी मागच्या अंगणात होते. ते येईपर्यंत तिने पाणी दिले आणि मी कुठून आले ते कळल्यावर हसली.

"अंक घरी टाकत्यात तरी शुक्रवारी स्वतः स्टँडवर जात्यात बघा. तितंच उभं ऱ्हाऊन चौकट बघत्यात, मग घडी घालत्यात."

हे मला जाण्यापूर्वी कळले असते तर मी पोस्टकार्ड पाठवले असते.

गुरुजी आले. पांढरा सदरा, खिशाला लाल आणि निळे अशी दोन पेने. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो. मी इकडचे तिकडचे बोलून वेळ काढला नाही. तीन खडे सुटले आहेत आणि या अंकापासून नाव नसेल, असे सांगितले.

"कोणती तीन?" गुरुजींनी विचारले.

मी रजिस्टरातून टिपून आणले होते, ते वाचले. पहिल्या पत्रात इंदापूरहून सोलापूरला जाताना वाटेत लागणाऱ्या बारामतीत प्रवाशांसाठी निवारा नसल्याची तक्रार. दुसऱ्यात तीस फेब्रुवारीपासून एका वस्तीवर वीज नसल्याची. तिसरे पत्र साधेच होते, पण त्याच्या मध्यावर मी एक वाक्य घुसवले होते: हे पत्र वाचणाऱ्या परीक्षकाने 'नको'च्या चौकोनात खूण करावी. बाकी पाचजणांनी ती निमूटपणे केली होती. गुरुजींनी तिन्ही वेळा 'छापा' म्हटले होते.

ते आत गेले आणि दोनशे पानी वही घेऊन आले. आमच्याकडे पाठवलेला प्रत्येक शेरा त्यांनी तारखेसह उतरवून ठेवला होता. त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली.

पहिल्या पत्राबद्दल लिहिले होते: 'या मार्गावर बारामती लागत नाही. लेखकाला टेंभुर्णी म्हणायचे असावे. लाल शाईने दुरुस्ती केली आहे. निवाऱ्याची मागणी योग्य. छापावे.' दुसऱ्याबद्दल: 'फेब्रुवारीस तीस तारीख नसते. एक मार्च असावी. वीज नसणे संभवनीय. दुरुस्त करून छापावे.' तिसऱ्याबद्दल: 'पत्रलेखकाने परीक्षकास आदेश देऊ नयेत. सदर वाक्य गाळले आहे. उर्वरित मजकूर चांगला. छापावे.'

मी तिन्ही शेरे दोनदा वाचले.

"खडा आहे हे तुम्हाला कळलं होतं," मी म्हटले.

"संशय आला होता. पण बाई, तीस फेब्रुवारी लिहिणारी चार मुलं दर वर्षी वर्गात असायची. त्यांना वर्गाबाहेर काढत नाहीत. वही दुरुस्त करून परत देतात." मग त्यांनी विचारले, "शेरे पोचले नाहीत का?"

पोचले होते. मी त्यांना चिठ्ठी कापण्याची पद्धत सांगितली. वरचा अर्धा भाग रजिस्टरात चिकटवते, असे सांगितले.

"आणि खालचा?"

खालच्या अर्ध्या भागाची मागची बाजू कोरी असे आणि कागद चांगला होता. मी त्यावर मथळे जुळवत असे. हेही मी सांगितले.

गुरुजींनी थोडा विचार केला.

"मथळे बरे जमतात का?"

बरे जमतात, असे मी म्हटले. त्यांनी मान डोलावली आणि वहीचे शेवटचे पान काढले. त्यावर एकाखाली एक अकरा तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एकच मजकूर. हा मजकूर त्यांनी अकरा आठवडे, दर वेळी एका चिठ्ठीच्या शेऱ्याच्या शेवटी लिहिला होता: 'हा शेरा वाचला असल्यास पुढील लिफाफ्यात एका पत्रास दोन टाचण्या लावाव्यात.'

"टाचणी काही आली नाही," गुरुजी म्हणाले.

"दर शनवारी लिफाफा वर्तमानपत्रावर झटकून बघत्यात," सून आतून म्हणाली.

"मला वाटलं पहिल्या वेळी गडबडीत राहिलं असेल. म्हणून पुन्हा लिहिलं." त्यांनी वही मिटली. "तुमचा नियम तीनचा आहे. तुमचे अकरा झाले. तुमचं नाव कुठल्या चौकटीतून काढायचं?"

माझे नाव कुठल्याच चौकटीत नव्हते. उपसंपादकाचे नाव अंकात येत नाही. मी तसे म्हटले.

"मग आधी घालावं लागेल," गुरुजी म्हणाले.

ते विनोद करत आहेत की नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. चहा आला. चहा पिताना त्यांनी, मी न विचारता, एक जुनी गोष्ट सांगितली, हवामानाबद्दल बोलावे तितक्या सहजपणे. त्यांची पहिली नेमणूक झाली त्या शाळेच्या दारावर शिक्षकांच्या नावांचा फलक होता. गुरुजींच्या घरच्यांनी नुकताच धम्म स्वीकारला होता आणि गावात ते सगळ्यांना माहीत होते. फलकावर मुख्याध्यापकांचे नाव होते, दुसऱ्या शिक्षकाचे होते. गुरुजींचे वर्षभर लिहिले गेले नाही. विचारल्यावर सांगण्यात आले की जागा नाही. फलक बराच मोठा होता. दुसऱ्या वर्षी गुरुजींनी रंग आणला आणि नाव स्वतः लिहिले. अक्षर चांगले आले, म्हणून मग बाकीची दोन्ही नावेही त्यांच्याकडूनच पुन्हा लिहून घेण्यात आली.

कप खाली ठेवून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पान किती वाजता जाते ते विचारले. मी म्हटले, पाचला. चार वाजून दहा मिनिटे झाली होती.

"एसटीडी बूथ सायकलच्या दुकानाशेजारी आहे," ते म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही. नियम तुमचा आहे. मंजूर झालेला आहे."

बूथमध्ये एक ऊस बागायतदार बोलत होता. त्याच्या उसाला कारखान्याकडून तोड मिळाली होती, पण तोडणी करणारी टोळी त्याच्या रानात पोचली नव्हती. ती कुठल्या रानात गेली याचा तो एकेका पाहुण्याकडून तपास करत होता. मी बाहेर उभी राहिले. साडेचार झाले. काचेवर टकटक केल्यावर त्याने रिसीव्हरवर हात ठेवून दार किलकिले केले.

"मॅडम, टोळी कुठं हाय तेवढं इचारतो अन् ठेवतो."

टोळी लासुर्ण्याच्या बाजूला सापडली. फोन माझ्या हातात आला तेव्हा पाचला बारा मिनिटे कमी होती. संपादकांनी उचलला. मी सांगितले की गुरुजींचे नाव परत घाला, एकही खडा सुटलेला नाही, सगळे शेऱ्यात आहे.

"कसला शेरा?" संपादकांनी विचारले.

मी सांगितले. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले की त्यांच्या टेबलावर या आठवड्याच्या मुख्य मथळ्याचा कागद आहे, तो उलटा करून बघतो. त्यांनी बघितला. फोनवर त्यांनी ते मला वाचून दाखवले: हा शेरा वाचला असल्यास पुढील लिफाफ्यात.

"अजून एक नाव घालायचं आहे," मी म्हटले.

"कुणाचं?"

मी माझे सांगितले, आणि का तेही सांगितले. ते हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी.

कंपोज करणारा घरी गेला होता. गुरुजींचे नाव आधीच्या अंकाच्या, छपाईसाठी काढलेल्या बटर पेपरवरून कात्रीने कापून चौकटीत चिकटवले गेले. माझे संपादकांनी पेनाने लिहिले. शुक्रवारी चौकटीत सात नावे होती. गुरुजींचे पहिले होते आणि किंचित तिरके बसले होते. सातवे हाताने लिहिलेले दिसत होते, त्यामुळे आबांना वाटले की छपाईनंतर कुणीतरी खोडी केली आहे, आणि त्यांनी त्यांच्या अंकातले माझे नाव खोडून टाकले.

त्या शनिवारी गुरुजींच्या लिफाफ्यातल्या एका पत्राला मी दोन टाचण्या लावल्या. मंगळवारी शेरा आला: 'टाचणी मिळाली. अकरा आठवडे उशीर. माझे नाव तिरके आहे, सरळ करावे.' खाली त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. चिठ्ठी कापायची नाही. आणि प्रत्येक शेऱ्याखाली मी 'वाचले' असे लिहून सही करायची आणि चिठ्ठी परीक्षकाकडे परत पाठवायची. संपादकांनी दोन्ही मान्य केल्या. मथळे जुळवायला मला वेगळी वही मिळाली.

काही आठवडे मी प्रत्येक शेरा वाचला. मग गाळप हंगाम ऐन भरात आला, उसाच्या ट्रॉल्यांबद्दलची पत्रे दुप्पट झाली, आणि सही करायच्या चिठ्ठ्या अडीचशेच्या घरात गेल्या. मी त्या गठ्ठ्याने घेत असे. चैत्रात गुरुजींकडून एक चिठ्ठी परत आली. खाली माझे 'वाचले' आणि माझी सही, भोवती लाल वर्तुळ. वर शेरा असा होता: 'या शेऱ्याखाली सही करणारी व्यक्ती शेरे न वाचता सही करते. विषय वाचला असे समजून मंजूर.' सूचक म्हणून गुरुजींची सही होती. अनुमोदक म्हणून चेअरमन आबांची. दोघांची गाठ इंदापूर गाडीत पडली होती. चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते: 'पहिली चूक. दोन शिल्लक.'

आबा कार्यालयात आले तेव्हा मी त्यांना विचारले की आपण कशाला अनुमोदन दिले ते त्यांना माहीत आहे का.

"गुरुजींनी मांडलं म्हंजी बराबरच आसंल की," आबा म्हणाले. "त्यात वाचायचं काय?"

दुसरी चूक पावसाळ्यात झाली. तिसरी दिवाळी अंकाच्या गडबडीत. शुक्रवारी चौकटीत पुन्हा सहा नावे आली. गुरुजींचे पहिले आणि आता सरळ होते. मंगळवारी त्यांच्या चिठ्ठ्या परत आल्या. मी त्या एकेक करून वाचायला बसले. सातव्या चिठ्ठीवर, एका रस्त्याच्या पत्राखाली, शेरा होता: 'पत्र चांगले आहे, छापावे. चौकटीत बाईंचे नाव दिसले नाही. जागा नव्हती काय?'

मी खाली 'वाचले' असे लिहिले, सही केली आणि चिठ्ठीला दोन टाचण्या लावल्या.